सोयाबीनला सीवीडचं टॉनिक अन् आईला शेवाळाचं सिरप, दोन्हीबद्दल कुणी अनुभवी सांगा

औसा_रान

राम राम मंडळी. औसा तालुक्यातून लिहायलोय. सोयाबीन ३ एकर आहे, एमएयूएस ६१२, आज ४४ दिवसांचं झालंय, फुलावर आहे अन् १५ दिवस झाले पावसाचा थेंब नाही. रान मध्यम आहे, दुपारी पानं माना टाकायलेत पण सकाळी परत उभी राहायलेत. दुकानदाराकडं गेलो तर त्यानं समुद्री शेवाळाच्या अर्काची एक लिटरची बाटली हातात दिली, ८५० रुपये, म्हणाला हे मारा, फूलगळ थांबती, ताण सहन होतो, एकरी उतारा वाढतो, वरून अळीसुद्धा कमी येती. घेतली तर आहे पण अजून फोडली नाही.

दुसरी गोष्ट अशी की गेल्या आठवड्यात गावात एकजण गाडी घेऊन आला होता, त्याच्याकडं पण शेवाळाचंच सिरप, हिरवंगार, स्पिरुलिना आणि केल्प असं लिहिलंय. शुगर मुळातून जाती, थायरॉईड जातो, बी-१२ भरून येतं असं सांगून आईला १४०० ला देऊन गेला. आईला ९ वर्षापासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, थायरॉईडची पण सकाळची गोळी आहे. आता आई म्हणायली गोळ्या बंद करून हेच घेते, झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार.

तर मला दोन्ही विचारायचंय. शेवाळात असं नेमकं असतं काय की पिकाला पण चालतं अन् माणसाला पण? खरंच काही फरक पडतो का? आमच्यासारख्या कोरडवाहू माणसाला ८५० परवडत नाहीत हो, पण पीक हातचं जायलंय म्हणून माणूस काही पण मारायला तयार होतो.

परभणीचा_मातीवाला

भाऊ आधी आईच्या गोळ्या बंद होऊ देऊ नका, त्याच्यावर कुणी औषधातलं माणूस लिहीलच, मी पिकाचं सांगतो. माझं शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठातलं आहे अन् १२ वर्षं गावोगाव फिरतोय.

सीवीड म्हणजे एकच वस्तू नाही. बाजारात जास्त करून दोन प्रकारचा माल दिसतो. एक अ‍ॅस्कोफायलम नावाचं तपकिरी शेवाळ, ते नॉर्वे, आयर्लंड, कॅनडा तिकडच्या थंड समुद्राच्या खडकावर येतं. दुसरं कप्पाफायकस, लाल शेवाळ, त्याची आपल्या देशातच शेती होते, तमिळनाडूत रामनाथपुरम, मंडपमच्या किनाऱ्याला बांबूचे तराफे करून लावतात. भावनगरला केंद्र सरकारची मीठ आणि सागरी रसायनांची संशोधन संस्था आहे, तिनं ताजं लाल शेवाळ पिळून रस वेगळा काढायची पद्धत बसवली, रस पिकाला अन् चोथ्यातून कॅराजीनन निघतं जे आईस्क्रीम, टूथपेस्टमध्ये घट्टपणासाठी वापरतात. म्हणजे उसासारखंच बघा, रस पण कामाचा अन् चिपाड पण.

आता ताणाला हे का चालतं ते सांगतो, कारण दुकानदार एवढं कधीच सांगत नाही. ते खडकावरचं शेवाळ भरतीला पाण्यात असतं अन् ओहोटीला उघड्यावर पडतं, रोज. ऊन, वारा, खारं पाणी, सगळं अंगावर घेतं. त्यात टिकायचं म्हणून ते आपल्या अंगात मॅनिटॉल, बीटेन असले पदार्थ साठवतं, त्याने पेशीतलं पाणी धरून राहतं. शिवाय सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी वाढीची संप्रेरकं थोड्या प्रमाणात, पोटॅश, अल्जिनिक अ‍ॅसिड. पिकावर फवारलं की हे पदार्थ स्वतः जेवढं काम करतात त्यापेक्षा जास्त पिकाचीच ताणाशी लढायची यंत्रणा जागी करतात असं संशोधनात दिसलंय. म्हणून मात्रा एवढी कमी लागते. पण म्हणूनच हे खत नाही. यात नत्र-स्फुरद नावापुरतं. ज्या रानात पेरताना खतच पडलं नाही तिथं हे मारून शेंगा भरायच्या नाहीत.

आणि एक आकडा तुमच्यापर्यंत आला असेल, जाहिरातीत सर्रास फिरतो, सोयाबीनला ५७ टक्के उत्पन्न वाढलं म्हणून. तो प्रयोग खरा आहे, २००९ ला छापून आलाय, कोरडवाहू सोयाबीनवरचाच आहे. पण त्यात कप्पाफायकसचा रस १५ टक्के वापरला होता, म्हणजे लिटरभर फवाऱ्यात १५० मिली रस! आपण बाटलीतनं लिटरला दोन-तीन मिली मारतो. बाटलीतला माल आटवलेला असतो हे मान्य, पण तो आकडा उचलून ह्या बाटलीला चिकटवणं चूक आहे. अन् तो एका ठिकाणचा निकाल, एका मातीतला. आपल्या रानात एवढं मिळेल अशी आशा धरून बसू नका.

तुमची परिस्थिती ऐकून सांगतो, सकाळी पानं उभी राहायलेत म्हणजे पीक अजून हातात आहे, हीच फवारायची वेळ. एकदा पानं सकाळी पण वर आली नाहीत की मग फवारलेलं नीट आत जात नाही, पैसे वाया. मी तुमच्या जागी असतो तर पहिले १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं खत) एक टक्का मारलं असतं, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम. पावसाच्या खंडात हीच आपल्या विद्यापीठाची पण शिफारस असते, सीवीडपेक्षा स्वस्त पडतं. अन् कोळपणी करून वरची भेग मोडा, लई ओल त्या भेगांतून जाती. सीवीड त्यानंतर, बाटली खरी असेल तर.

बाटली खरी का खोटी हे ओळखायला लेबल वाचा. आधी ह्या टॉनिकांना कायदाच नव्हता, कुणी पण काही पण भरून विकायचं. फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (म्हणजे खत नाही, पण पिकाची वाढ अन् ताण सहन करायची ताकद जागी करणारं) हा वेगळा प्रकार घातला, सीवीडचा अर्क त्यातच वनस्पतिजन्य अर्काच्या गटात येतो. त्यानंतर तात्पुरत्या नोंदणीवर हजारो माल चालू होते, ती मुदत जून २०२५ ला संपली. त्याच वर्षी केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच सांगितलं की एके काळी ३०,००० च्या आसपास उत्पादनं कसल्याही तपासणीशिवाय विकली जात होती अन् आता साधारण ६५० उरलीत. म्हणजे दुकानाच्या फळीवर जुना माल पडलेला असू शकतो. लेबलवर बायोस्टिम्युलंट शब्द, घटक टक्क्यात, कोणत्या पिकाला, किती मात्रा, हे सगळं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या आदेशातल्या व्याख्येतच लिहिलंय की कीटकनाशक यात येत नाही, त्याला १९६८ चा वेगळा कायदा आहे. त्यामुळे सीवीडनं अळी जाती असं कुणी म्हणालं तर एकतर तो चुकीचं बोलायलाय नाहीतर बाटलीत न सांगता कीटकनाशक मिसळलंय. कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग) वर नको असा नियम याचसाठी घातलाय.

औसा_रान

दादा एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता बाटली काढून बघितली. पिकांची नावं आहेत मिरची, टोमॅटो, द्राक्ष, डाळिंब. सोयाबीन नाही. घटकात फक्त 'समुद्री वनस्पती अर्क व इतर', टक्के नाहीत. नोंदणीचं काही दिसत नाही. रंग मात्र काळाकुट्ट अन् घट्ट आहे, दुकानदार म्हणाला होता काळं घट्ट म्हणजे असली.

परभणीचा_मातीवाला

रंगावरून काही कळत नाही. तपकिरी शेवाळ अल्कलीत शिजवून काढलं की काळं होतं, लाल शेवाळ थंडच पिळलं तर रस फिका निघतो, दोन्ही खरे. अन् ह्युमिक अ‍ॅसिडचं (कुजलेल्या सेंद्रिय मालातून निघतं ते) पाणी पण काळंच असतं. पक्कं बिल घेतलंय का? असेल तर सीलबंद बाटली परत करा, अन् पुढच्या वेळी पण बिलाशिवाय काहीच उचलू नका, कच्च्या चिठ्ठीवर तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार उभी राहत नाही.

अन् कोणतं पण टॉनिक मारा, मधली चार तासं (पिकाच्या ओळी) न मारता सोडा. खुंट्या रोवून ठेवा. काढणीला ती चार तासं अन् शेजारची चार तासं वेगळी मळून वजन करा. दुकानदाराचं पण ऐकू नका, माझं पण ऐकू नका, काट्याचं ऐका. मी हे ज्याला सांगतो तो म्हणतो हो, अन् काढणीला मजुरांच्या घाईत सगळं एकत्र करून टाकतो, तेवढं करू नका.

बीड_मेडिकल

मी फार्मासिस्ट आहे, २० वर्षं काउंटरवर आहे. भाऊ तुमच्या आईबद्दल लिहितो, जरा लांब होईल पण वाचा.

पहिलं म्हणजे मेटफॉर्मिन बंद करायची नाही. थायरॉईडची गोळी पण नाही. असं सिरप सुरू करून गोळ्या सोडलेली माणसं शुगर ४००-५०० घेऊन दवाखान्यात आलेली मी बघितलीत, त्यातलं एक माणूस पाय गमावून बसलं. आमच्याच गल्लीतलं होतं. त्यामुळे हा विषय मला हलका घेता येत नाही.

आता सिरपचं गणित. स्पिरुलिना चांगली वस्तू आहे, तिच्या कोरड्या वजनात ६० टक्क्याच्या आसपास प्रथिनं असतात हे खरं. पण तुमच्या बाटलीवर १० मिलीत किती स्पिरुलिना लिहिलीय बघा. समजा ५०० मिलीग्रॅम असेल तर प्रथिनं पडली ०.३ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. मूठभर फुटाण्यात पण सिरपपेक्षा कितीतरी जास्त. १४०० रुपयात किती अंडी, किती हरभरे येतात तुम्हीच हिशोब करा.

बी-१२ चं तर उलटंच आहे. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक नकली बी-१२, रचना जवळची पण माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. अन् मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याला बी-१२ कमी पडायचा धोका मुळातच असतो. आईला ९ वर्षं झालीत. पायाला मुंग्या येतात का, तळवे बधिर वाटतात का विचारा, अन् डॉक्टरला सांगून बी-१२ ची तपासणी करून घ्या. सिरपवर विसंबून राहिलात तर कमतरता तशीच राहील अन् नसा खराब होतील.

केल्पचं अजून जपायचं. ते तपकिरी शेवाळ, त्यात आयोडीन भरमसाठ असू शकतं अन् दर लॉटला वेगळं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं अन् आपण आयोडीनचं मीठ रोज खातोच. ज्याला थायरॉईडचा आजार आहे त्याच्या अंगात अचानक जादा आयोडीन गेलं तर ग्रंथी अजून बिघडू शकते, गोळीचा डोस सगळा विस्कटतो. म्हणून ते सिरप आईला अजिबात देऊ नका.

'झाडपाल्याचं आहे, अपाय काय' हे आपल्याकडं प्रत्येक घरात बोलतात, माझी आजी पण म्हणायची. पण दुधी भोपळ्याचाच रस बघा ना. २०१० ला दिल्लीत एक शास्त्रज्ञ शुगरसाठी रोज दुधी-कारल्याचा रस घ्यायचे, एक दिवस रस कडू लागला तरी पिऊन टाकला अन् त्यात गेले. दुधी कडू निघाला तर त्यात कुकरबिटासिन नावाचं विष वाढलेलं असतं. त्यावर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) समितीनं सांगितलं की रस कडू लागला तर प्यायचाच नाही. लहान लेकरांना कडुनिंबाचं तेल पाजून मेंदूला सूज आल्याच्या घटना पण नोंदलेल्या आहेत. कडुनिंब आपल्या दारातलं झाड आहे, पाडव्याला आपण पानं खातो, पण चार पानं अन् चमचाभर तेल यात फरक आहे.

आणि मी झाडपाल्याच्या विरोधात नाही हे पण लिहून ठेवतो. आई जी मेटफॉर्मिन घेते तिचं मूळच एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाचं शेंगवर्गीय झुडूप आहे, त्यातल्या गॅलेजिननं शुगर कमी व्हायची पण ते विषारी पडायचं, मग त्याच्या धर्तीवरची सुरक्षित रसायनं शोधली अन् १९५७ ला फ्रान्समध्ये मेटफॉर्मिन शुगरसाठी वापरात आलं. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन निघतं, रक्ताच्या कॅन्सरला देतात. फरक एवढाच की त्यात एका गोळीत, एका इंजेक्शनात किती औषध आहे हे मोजलेलं असतं. पातेल्यात उकळलेल्या काढ्यात ते मोजता येत नाही.

शेवटचं, शुगर मुळातून घालवतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, १९५४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह नावानं आहे. अन् बाटलीवर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिलेलं असेल, बघा. तो गाडीवाला परत आला तर त्याला तेवढी ओळ मोठ्यानं वाचायला लावा, सगळ्या गावासमोर.

औसा_रान

आहे दादा, तशी ओळ आहे. मागच्या बाजूला, इंग्रजीत. आईला वाचून दाखवली तर गप्प बसली. पायाच्या मुंग्यांचं विचारलं तर म्हणती सहा महिन्यापासून आहेत, सांगितलं नाही कारण तुम्ही आधीच टेन्शनमध्ये. सोमवारी लातूरला घेऊन जायलोय.

कळंब_ताई

भाऊ, आईला नक्की घेऊन जा, बाया अशाच दुखणं लपवतात.

मी अर्काचं थोडं सांगते, आमचा १२ जणींचा बचत गट आहे, आम्ही निंबोळी अर्क अन् दशपर्णी (दहा प्रकारच्या पाल्याचा अर्क) दोन्ही करतो. तुम्ही अळीचं म्हणालात म्हणून लिहायले. सीवीडनं अळी जात नाही पण निंबोळीनं अंडी घालणं अन् खाणं कमी होतं, अळी लहान असताना. मोठी झालेली अळी निंबोळीला दाद देत नाही, तिथं वाट बघत बसू नये. त्यातलं अझाडिरॅक्टीन अळीची भूक मारतं अन् कात टाकायला अडथळा आणतं, लगेच मरून पडत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बघून लोक म्हणतात काही उपयोग नाही. तीन-चार दिवस बघा मग बोला.

५ टक्के अर्क असा, ५ किलो निंबोळीच्या बियांतल्या गराची जाडसर पावडर फडक्यात बांधून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पिळून पिळून पांढरं दुधासारखं पाणी काढायचं, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळून टाकायचा, मग १०० लिटर करायचं. त्याच दिवशी मारायचं, ठेवायचं नाही. अन् संध्याकाळी मारायचं, उन्हात त्याची ताकद लवकर जाती. निंबोळ्या जून-जुलैत वेचायच्या, पिवळ्या पिकलेल्या, साल काढून धुवून सावलीत वाळवायच्या. काळ्या पडलेल्या, बुरशी आलेल्या घेऊ नका. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही पत्र्यावर कडक उन्हात वाळवल्या अन् ओल्याच पोत्यात भरल्या, सगळ्या वाया गेल्या, चार बायांची पंधरा दिवसांची मेहनत.

ह्याच कडुनिंबाच्या बुरशीनाशकावर एका परदेशी कंपनीला युरोपात पेटंट मिळालं होतं १९९४ ला, आपल्या लोकांनी भांडून २००० ला रद्द करून घेतलं, २००५ ला अपील पण फेटाळलं. कारण आपल्याकडं हे आधीपासून वापरात होतं. मी हे गटाच्या बैठकीत सांगते तेव्हा म्हाताऱ्या बायांना लई अभिमान वाटतो, त्यांच्या सासवा ज्वारीच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालायच्या.

दशपर्णीचं मात्र जपून. त्यात धोतरा, कण्हेर, रुई येतं अन् ही तिन्ही विषारीच आहेत. माझ्या जावेच्या डोळ्यात रुईचा चीक उडाला, आठ दिवस डोळा उघडता आला नाही, नजर गेली असती. हातमोजे, डोळ्याला चष्मा घाला, लेकरं जवळ येऊ देऊ नका, पिंपावर झाकण अन् वर मोठ्या अक्षरात विष लिहा. घरगुती आहे म्हणून भाजी तोडायच्या आदल्या दिवशी मारणारे लोक बघितलेत मी, तसं करू नका.

अर्धापूर_केळी

मी केळीवाला आहे, नांदेड जिल्हा. सीवीड आम्ही ड्रीपमधून सोडतो, मुळ्या पांढऱ्या चांगल्या फुटतात हा माझा अनुभव, घडाचं वजन वाढलं का ते मी मोजलं नाही म्हणून सांगत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, कॅल्शियम नायट्रेटबरोबर सीवीड कधी मिसळू नका. शेवाळातलं अल्जिनेट कॅल्शियमला धरून चिकट गोळा होतं. माझ्या दोन एकरचे ड्रीपर तुंबले होते, अ‍ॅसिड सोडून सुद्धा सगळे निघाले नाहीत. दाताचा डॉक्टर माप घ्यायला जो लगदा तोंडात भरतो ना, तो पण अल्जिनेटचाच, त्याचं घट्ट होणं तेच. काही पण मिसळायच्या आधी काचेच्या बरणीत थोडं थोडं मिसळून अर्धा तास ठेवा, फाटलं, गोळा झालं की समजायचं.

आणि आमची टिश्यू कल्चरची रोपं लॅबमध्ये ज्या जेलीत वाढतात ते अगार पण लाल शेवाळाचंच. म्हणजे समुद्र आमच्या केळीत आधीपासून आहे असं समजा.

एक प्रश्न माझा पण, माझ्या शेततळ्यात हिरवं शेवाळ भरपूर येतं. तेच उकळून अर्क केला तर चालेल का? फुकटात होईल.

परभणीचा_मातीवाला

नाही दादा, तो नाद करू नका. समुद्रातलं शेवाळ वेगळं, तळ्यातलं वेगळं. थांबलेल्या पाण्यावर पेंट सांडल्यासारखा निळा-हिरवा थर येतो त्यातल्या काही जाती यकृताला मारणारं विष सोडतात अन् ते उकळून पण जात नाही. ते पाणी जनावरांना पण पाजू नका. लांब तंतूंचं हिरवं गोंड्यासारखं असेल तर जाळीनं काढून शेणखताच्या ढिगात टाका, कुजून चांगलं खत होतं. अन् तळ्याला सावली करा, खताचं पाणी वाहून तळ्यात येतंय का बघा, शेवाळ त्याच्यावरच वाढतं.

औसा_रान

बाटली परत केली. बिल होतं म्हणून दुकानदार नको नको म्हणत तयार झाला, बदल्यात १३:००:४५ घेतलं अन् काल संध्याकाळी मारलं. कोळपणी उद्या. चार तासं सोडलीत, खुंट्यांना आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्यात म्हणजे लांबून दिसतील.

ताई, एक विनंती, निंबोळ्याचा हंगाम तर गेला. तुमच्या गटाकडं पावडर शिल्लक आहे का? आमच्या तुरीला पुढं लागंल.

कळंब_ताई

आहे की, २० किलोच्या आसपास. तूर कळीला यायला अजून लई वेळ आहे, घाई करू नका. दिवाळीच्या आधी लातूरच्या यार्डात आमच्या मालकांचं येणं होतंच, तेव्हा पाठवते. घट्ट झाकणाचा कोरडा डबा घेऊन या, पोतं आणू नका.